सीलाकॅन्थपर्यंत नेणारा हेलियम

इंडोनेशियातल्या सीलाकॅन्थचा तो फोटो एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झाला आहे. काळपट तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि देठावर बसवल्यासारखे मांसल पर. ‘डायनासोरच्या काळचा मासा सापडला’ हा मथळाही वाचून झाला. पण मासा सापडला होता 1938 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. या वेळची नवलाई वेगळी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये उत्तर मालुकू बेटांजवळ अलेक्सी शापुई आणि ज्युलियन लब्लाँ हे दोघे पाणबुडे स्वतः पोहत सुमारे 145 मीटर खोल गेले आणि इंडोनेशियातल्या या जातीचा जिवंत मासा त्याच्या घरात टिपून आले. एप्रिल 2025 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला.

त्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे त्यांच्या पाठीवरच्या टाकीतला वायू. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांना तो परका नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत एसीचा कंडेन्सर, इंधनाची टाकी असे सुटे भाग हेलियमवर लीक टेस्ट करून पुढे पाठवले जातात. पार्ट चेंबरमध्ये ठेवायचा, चेंबरमधली हवा ओढून घ्यायची, पार्टमध्ये हेलियम सोडायचा आणि तो कुठून झिरपतो का ते यंत्राने हेरायचं. अणू इतका लहान की बारीकशी फटही त्याला पुरते. आणि तो कशाशी संयोग पावत नाही. शॉपफ्लोअरवरच्या मंडळींना हे पाठ असतं. हाच वायू श्वासात घेऊन माणूस सीलाकॅन्थपर्यंत पोचतो.

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 145 मीटरवर तो जमिनीवरच्या साडेपंधरा पट होतो. तिथे साधी हवा फुप्फुसात घेतली तर दोन्ही बाजूंनी मरण. हवेतला नायट्रोजन तीस-चाळीस मीटरपासूनच दारूसारखी झिंग आणू लागतो, आणि एवढ्या दाबाखाली ऑक्सिजनच विषारी होऊन झटके येतात. म्हणून ऑक्सिजन कमी करायचा आणि नायट्रोजनची बरीचशी जागा हेलियमला द्यायची. त्या खोलीवरच्या मिश्रणात ऑक्सिजन आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासच ठेवावा लागतो. हेच मिश्रण होडीत बसून घेतलं तर माणूस शुद्ध हरपून पडेल! हेलियम हलका असल्यामुळे तिथल्या दाबातही श्वास ओढायला जड जात नाही. मात्र तो अंगातली ऊबही भराभर पळवतो.

हेलियम महाग, भारतात तर जवळजवळ सगळा आयातच. तो उच्छ्वासाबरोबर बुडबुड्यांतून सोडून देणं परवडत नाही. म्हणून असे पाणबुडे रिब्रीदर वापरतात. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषला जातो, सेन्सर सांगेल तेवढा ऑक्सिजन मिसळला जातो आणि उरलेला हेलियम पुन्हा छातीत जातो. बुडबुडे नाहीत म्हणजे गोंगाट नाही, मासाही बुजत नाही. एवढं करून खाली मिळतात ती मोजकी मिनिटं. वर यायला मात्र ठरल्या टप्प्यांवर थांबत काही तास लागतात. घाई केली तर अंगात मुरलेला वायू रक्तात फुटतो. 2000 साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोडवाना बे इथे पाणबुड्यांनी सीलाकॅन्थचं चित्रीकरण केलं, त्याच मोहिमेत वर येताना एकाचा जीव गेला.

मग माणसाने जायचंच कशाला? हान्स फ्रिके यांनी 1987 मध्येच कोमोरो बेटांजवळ छोट्या पाणबुडीतून हा मासा चित्रित केला होता. त्याचे पर चार पायांच्या प्राण्याच्या चालीसारखे आलटूनपालटून हलतात, हे त्यातूनच कळलं. इंडोनेशियातही यंत्रमानवाने पूर्वी चित्रीकरण झालंय. शंका रास्त आहे, तरी मी पाणबुड्यांच्या बाजूने आहे. पाणबुडीसाठी मोठं जहाज आणि मोठा पैसा लागतो, त्यामुळे ती ठरावीक ठिकाणीच जाते. तयारीचे चार पाणबुडे छोट्या बोटीतून आडवळणाची कपार धुंडाळू शकतात. शिवाय ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची निराळी असते. चांगल्या फोटोवरून तोच मासा पुन्हा ओळखता येतो, त्याला हातही लावावा लागत नाही. आजवरचं बरंचसं ज्ञान जाळ्यात मेलेल्या माशांवरून आलेलं आहे, हे विसरून चालणार नाही.

या माशाचं गणगोत आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं, हे मात्र कुठल्याच बातमीत वाचायला मिळालं नाही. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या ज्युरासिक काळच्या कोटा थरांत सापडलेल्या सीलाकॅन्थचं वर्णन सोहनलाल जैन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘इंडोसीलाकॅन्थस’ हे नाव दिलं. भारतातला तो या कुळाचा पहिला जीवाश्म. हे कोटा गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळचं. जगभरच्या खडकांतून या कुळाची नोंद संपते ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, म्हणजे चाकणच्या पायाखालचा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता त्या काळात. शाळेच्या सहली सिरोंच्याच्या वडधम जीवाश्म उद्यानाकडे वळायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

2021 मधल्या एका फ्रेंच अभ्यासानुसार सीलाकॅन्थ शंभरेक वर्षं जगतो, पन्नाशीच्या आसपास वयात येतो आणि मादी पाचेक वर्षं गर्भ वाहते. असा मासा खोल पाण्यातल्या जाळ्यांत अडकला तर त्याची जागा भरून निघायला पिढ्या जातात. शार्कसाठी लावलेल्या जाळ्यांत तो टांझानियात आणि मादागास्करमध्ये सापडत आला आहे. मालुकूमधली नेमकी जागा शापुई यांनी गुप्त ठेवली आहे. त्यावर कुरकुर करणारे पाणबुडे असतील, पण माझ्या मते तिचा पत्ता नकाशावर येऊच नये.