‘थायरॉईड वाढला’ : एका वाक्प्रयोगाचा अर्थ आणि रुग्णाची चिंता

भाषेच्या अभ्यासकाने रोगाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटेल. औषध ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे व ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. तथापि रोगी आपली पीडा शब्दांनी सांगतो आणि डॉक्टरांचा निर्णयही शब्दांनीच त्याच्यापर्यंत पोहोचतो. हे शब्द संदिग्ध असतील, तर संदिग्धतेची किंमत रोग्यालाच मोजावी लागते. थायरॉईड ग्रंथी मंद झाल्यामुळे उपचार घेणाऱ्या माणसास जी चिंता ग्रासते, तिचा काही अंश या संदिग्धतेतून उपजतो. आणि तेवढा अंश अर्थ स्पष्ट केल्याने दूर होऊ शकतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उदाहरण घरचेच आहे. लेखकाचे वास्तव्य साताऱ्यास असून थोरले बंधू व वहिनी सांगलीस असतात. वहिनींना मंद थायरॉईडसाठी रोज एक गोळी घ्यावी लागते. एकदा तपासणीचा कागद हाती आला, तेव्हा त्यावरील आकडा मर्यादेच्या वर होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, “वहिनी, तुमचा थायरॉईड वाढलाय. माझाही वाढला होता, तेव्हा तो कमी व्हायची गोळी दिली होती. तुमची गोळी जास्त होत असेल, थोडे दिवस बंद ठेवा.” वहिनींनी गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी त्यांचा दूरध्वनी आला : “भावजी, अंगात त्राण नाही, रात्री जीव घाबरतो. आता हृदयाचंच काही निघणार, असं वाटतंय.” शेजारणीच्या हेतूत खोट नव्हती. चूक ‘वाढला’ या क्रियापदात दडलेली होती.

प्रथम नामाचा विचार करू. ‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य सातारा-सांगली भागात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, रूढ आहे. अभिधेने पाहिले तर ते प्रत्येक मनुष्याविषयी खरे आहे. कारण थायरॉईड हे रोगाचे नव्हे, तर गळ्याच्या पुढील भागातील एका ग्रंथीचे नाव होय. टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने १६५६ साली ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते दिले. ‘मला बीपी आहे’, ‘मला शुगर आहे’ यांप्रमाणेच येथेही लक्षणेने अवयवाच्या वा मापाच्या नावावर रोगाचा अर्थ लादला गेला आहे. एरवी अशी लक्षणा निरुपद्रवी असते. येथे मात्र तिने दोन परस्परविरुद्ध विकार एकाच नावाखाली आणले आहेत : ग्रंथी मंद होणे आणि ग्रंथी अतिक्रियाशील होणे. एकीचे औषध दुसरीला अपाय करू शकते. वहिनी आणि शेजारीण दोघींनाही ‘थायरॉईड’च होता, परंतु त्यांचे विकार उलट दिशांचे होते.

आता ‘वाढला’ हे क्रियापद पाहावयाचे. त्याला निदान तीन अर्थ आहेत. पहिला अर्थ, ग्रंथीचा आकार वाढला. यासाठी आपल्याकडे ‘गलगंड’ हा शब्द असून तो सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. परंतु आकार आणि कार्य या भिन्न गोष्टी आहेत. हाकारू हाशिमोतो या जपानी वैद्याने १९१२ साली वर्णिलेल्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. त्यात ग्रंथी सुजलेली असूनही तिचे कार्य मंदावलेले असू शकते. दुसरा अर्थ, ग्रंथीचे कार्य वाढले. तिसरा अर्थ, कागदावरील टीएसएच नावाचा आकडा वाढला.

हा तिसरा अर्थ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नेमका उलट असतो. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचे द्रव्य नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉईडला कामास लावण्यासाठी ते सोडते. उसाच्या फडात तोडणी मंदावली की मुकादमाचा आवाज चढतो, आणि काम नीट चालले की तो उतरतो, तसाच हा प्रकार आहे. कागदावर मोजलेला असतो तो मुकादमाचा आवाज. म्हणून उपचार चालू असलेल्या मंद ग्रंथीच्या रुग्णास ‘टीएसएच वाढला’ याचा अर्थ बहुधा ‘गोळी कमी पडते आहे, किंवा नीट शोषली जात नाही’ असा होतो. वहिनींनी केले ते याच्या उलट.

आतापर्यंत डॉक्टरांकडून रुग्णाकडे येणाऱ्या शब्दांचा विचार झाला. उलट दिशेने जाणारे शब्दही तितकेच संदिग्ध आहेत. मराठीने मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत घातलेली नाही. ‘काळजी’ हा शब्द ‘काळीज’ या अवयवनामापासून आला. ‘जीव घाबरतो’ या दोन शब्दांत भीती, श्वास अपुरा वाटणे आणि छातीतील धडधड ही तिन्ही सामावतात. काव्यास ही संपन्नता उपकारक आहे; तपासणीच्या खोलीत मात्र तिची फोड करावी लागते. कारण ही अवस्था तीन वाटांनी येऊ शकते. ग्रंथी मंद असताना थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, उदासपणा यांच्या जोडीला चिंताही येते. औषधाची मात्रा अधिक झाली तर धडधड, हाताला कंप, घाम, उष्णता सहन न होणे, निद्रानाश ही लक्षणे दिसतात. आणि रक्तातील आकडे योग्य असतानाही चिंता हा स्वतंत्र विकार म्हणून असू शकतो. ही तिसरी शक्यता मान्य करण्यात कमीपणा नाही. तिच्यावर समुपदेशन व औषधे हे स्वतंत्र उपचार आहेत, आणि केवळ थायरॉईडची गोळी वाढवून ती शमत नाही.

यावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. एक वही ठेवावी. तीत तारीख, गोळी घेतल्याची वेळ, झोप आणि नाडीचे मिनिटाचे ठोके लिहावेत. आणि ‘जीव घाबरला’ असे न लिहिता नेमके काय झाले ते लिहावे : छाती धडधडली, हात थरथरले, की अमुक विचार मनात आला. भीतीला नेमके नाव मिळाले की ती मोजता येते, आणि मोजता आलेली भीती बहुधा थोडी लहान होते. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : ग्रंथीचे कार्य कमी आहे की अधिक? वाढलेला आकडा कशाचा? पुढील तपासणी केव्हा?

गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, पाण्याबरोबर घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. या औषधाचे अर्धे प्रमाण शरीरातून जाण्यास सुमारे सात दिवस लागतात, म्हणून मात्रा बदलल्यावर नवा समतोल साधण्यास पाच-सहा आठवडे जातात. साहजिकच टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. दर आठवड्याला तपासणी केल्याने ज्ञान वाढत नाही, धास्ती मात्र वाढते. मात्रा आपल्या मनाने बदलू नये. घाबरे वाटेल तेव्हा श्वास हळू घेऊन त्याहून हळू सोडावा आणि चहा-कॉफी बेताने घ्यावी. छातीत दुखणे, नाडी अनियमित होणे किंवा भोवळ येणे या गोष्टी मात्र वहीत लिहून थांबावयाच्या नाहीत. तत्काळ रुग्णालय गाठावे. जीवन नकोसे वाटू लागल्यास घरच्यांना व डॉक्टरांना सांगावे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे.

आयुष्यभर गोळी घ्यावी लागणार, या विचाराने अनेकांचे मन खचते. त्यांनी एक जुनी हकीकत ध्यानात घ्यावी. इंग्लंडमधील जॉर्ज मरे या वैद्याने १८९१ साली ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. तत्पूर्वी या विकारास उपाय नव्हता. ती स्त्री त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. पुढे १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार केले. आजच्या गोळीत तेच द्रव्य असते. शरीर जे स्वतः बनवीत होते, तेच बाहेरून पुरविले जाते. ‘आयुष्यभर औषध’ यापेक्षा ‘आयुष्यभर भरपाई’ हे वर्णन अधिक यथार्थ ठरेल.

वहिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू केली. दोन महिन्यांनी आकडा मर्यादेत आला; चिंता त्याहून सावकाश ओसरली, आणि तिच्यासाठी काही काळ समुपदेशनही घ्यावे लागले. हल्ली तपासणीचा कागद आला की त्या दूरध्वनीवर विचारतात, “भावजी, मुकादम ओरडतोय का?” ‘थायरॉईड वाढला’ असे मात्र त्या म्हणत नाहीत, आणि शेजारणीसही म्हणू देत नाहीत.