वाटाड्याविना लेणी

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात, गुनुंग मुलू नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. बाहेरून तिथवर जाणारा रस्ता नाही. छोट्या विमानाने उतरायचे नाहीतर होडीतून नदीने वर जायचे. सदाहरित पर्जन्यवनाखाली चुनखडकात पोखरलेल्या गुहांचे तिथे अफाट जाळे आहे. 1977-78 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची मोहीम तिथे गेली आणि त्यानंतर एकेक गुहा नकाशावर येत गेली. 1981 मध्ये सापडलेले ‘सारावाक चेंबर’ हे क्षेत्रफळाने जगातले सर्वांत मोठे ज्ञात भूमिगत दालन, लांबी सुमारे 600 मीटर. 2000 साली युनेस्कोने उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे सगळे थक्क करणारे आहेच, पण दिवाळी अंकाच्या वाचकासमोर मुलू मांडण्याचे कारण त्याचा आकार नव्हे. तिथे येणाऱ्या माणसाला गुहा कशी दाखवली जाते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. वाटाड्याशिवाय तिथे कोणत्याही गुहेत शिरता येत नाही. सोप्या गुहांत लाकडी वाटा आणि मंद दिवे आहेत. अवघड गुहांची प्रतवारी केलेली आहे, आणि आधी मधल्या प्रतीची गुहा करून दाखवल्याशिवाय वरच्या प्रतीच्या गुहेत नेत नाहीत. सारावाक चेंबरला जाऊन यायला अख्खा दिवस जातो. संध्याकाळी ‘डिअर केव्ह’च्या तोंडातून लाखो वटवाघळे काळ्या फितीसारखी बाहेर पडतात, ती पाहायला मोकळ्या जागी बाके मांडून ठेवली आहेत. वाटाडे बहुतेक आसपासच्याच बेरावान, पेनान वगैरे समाजांतले. पाहुणा तिथे स्वतःच्या मर्जीने भटकत नाही. त्याला कोणाच्या तरी हाती सोपवलेले असते. माझे म्हणणे असे, की धाराशिव जिल्ह्याला मुलूकडून घेण्यासारखी गोष्ट नेमकी हीच आहे.

धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत सात लेण्यांचा समूह आहे आणि वीसेक किलोमीटरवर येडशीजवळ रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे. लेण्यांचा काळ साधारण पाचवे ते सातवे शतक मानतात. त्यांतले दुसरे लेणे सर्वांत मोठे: सुमारे ऐंशी फूट लांब आणि तेवढेच रुंद सभागृह, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आतल्या गाभाऱ्यात पद्मासनातली मूर्ती. अभयारण्य 1997 मध्ये घोषित झाले, क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. मुलूचे क्षेत्र पाचशेहून अधिक चौरस किलोमीटर आहे. म्हणजे तुलनाच हास्यास्पद, असे कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप आधीच निपटलेला बरा. तिकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, इकडे 700-800, तोही लहरी. तिथल्या गुहा पाण्याने चुनखडक विरघळवून केल्या. आपला काळा पत्थर लाव्हाचा. तो पाण्यात असा विरघळत नाही, त्यामुळे दख्खनच्या पठारावर मोठी गुहा हवी तर ती माणसालाच छिन्नीने कोरावी लागली. तिथले झाड बारमाही हिरवे, इथला पळस आणि धावडा उन्हाळ्यात निष्पर्ण. हे सारे फरक खरे आहेत, पण ते माझ्याच बाजूचे आहेत. मुलूत वाटाडा नसला तरी गुहेचा भव्यपणा कोणालाही दिसेल. धाराशिवच्या लेण्यात वाटाडा नसेल तर ढासळलेला दर्शनी भाग, ठेंगणे खांब आणि अंधार, एवढेच दिसते. पाहुणा दहा मिनिटांत बाहेर येतो. जिथे निसर्ग स्वतः बोलत नाही तिथे बोलणाऱ्या माणसाची गरज दुप्पट असते.

आणि सांगण्यासारखे इथे किती आहे! कनकामर मुनींनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादून 1934 मध्ये विदर्भातल्या कारंज्याहून प्रसिद्ध केले. त्यात दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला करकंड राजा तेरापूरजवळ तळ देतो. तेरापूर म्हणजे आजचे तेर, असे अभ्यासक मानतात. तिथला स्थानिक राजा त्याला भेटतो आणि जवळच्या डोंगरातल्या अनेक खांबांच्या लेण्याची हकीकत सांगतो. डोंगरावर एक वारूळ असते आणि एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येऊन त्या वारुळाची पूजा करतो. वारूळ खणले तर आत पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावर खटकणारी एक गाठ राजा फोडायला लावतो, तो तिथून पाण्याचा लोंढा उसळतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. ही कथा इतिहास नव्हे, हे उघड आहे. तरी डोंगर, लेणे, पार्श्वनाथ आणि पाझरणारे पाणी या चार गोष्टी एका जुन्या काव्यात इतक्या जवळजवळ याव्यात, यावरून अभ्यासकांनी ती याच लेण्यांशी जोडली आहे. मला त्यातला एक तपशील फार आवडतो: करकंडासारख्या राजालाही लेणे गाठायला स्थानिक माणसाने सांगावे लागले.

याहून अवघड प्रश्न लेण्यांच्या धर्माचा आहे. जेम्स बर्जेस यांनी पुरातत्त्व पाहणीच्या 1878 च्या अहवालात यांचे सविस्तर वर्णन केले, आणि तेव्हापासून वाद चालू आहे. चौकोनी सभागृह, भोवतीच्या खोल्या आणि मागचा गाभारा ही मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. म्हणून मुळात ही लेणी बौद्ध असावीत आणि पुढे जैनांनी वापरली असावीत, असे एक मत आहे. दुसरे मत आहे ते जैनच असल्याचे. त्यासाठी मूर्ती आणि करकंडाची परंपरा पुढे केली जाते. दगडी फलकाला यातले एक मत निवडावे लागते, किंवा दोन्ही मते एका वाक्यात कोंबावी लागतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. चांगला वाटाडा पाहुण्याला खोलीच्या उंबऱ्यावर उभे करील, खांबाची घडण दाखवील, मग गाभाऱ्यात नेईल आणि विचारील, तुम्हाला काय वाटते? वाद कोणत्या दगडावरून सुरू झाला हे कळले की लेण्याविषयी आदर वाढतो. निकाल लावायची घाई राहत नाही. शिवाय वाटाड्याचे एक अगदी रोकडे काम असते. दख्खनच्या लेण्यांवर आणि कड्यांवर आग्या मोहळे असतात. धूर, आरडाओरड, उग्र अत्तर यांनी ती उठतात आणि मग पळायला जागा नसते. कोणत्या छताखाली थांबायचे नाही, हे रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते.

आता रामलिंगाकडे वळू. घाटाच्या खोलगट भागात महादेवाचे मंदिर, पावसाळ्यात धबधबा, वानरांच्या टोळ्या, आणि रावणाशी झुंजलेल्या जटायूची कथा. श्रावणात तिथे माणसांची रीघ लागते. डिसेंबर 2024 मध्ये या छोट्याशा जंगलात एक नर वाघ कॅमेऱ्यात दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर शेते, रस्ते, नद्या ओलांडून आला होता. बातमी पसरली तेव्हा कौतुकापेक्षा धास्तीच जास्त होती, आणि ते साहजिक आहे: ज्याची वासरे जातात त्याने वाघाचे पोवाडे का गावेत? वन विभागाने त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचे प्रयत्नही केले. पण या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली. 22 चौरस किलोमीटरच्या ज्या रानाकडे आपण देवळामागची झाडी म्हणून पाहत होतो, ते बालाघाटातून जाणाऱ्या जनावरांच्या लेखी थांबण्याजोगे ठिकाण होते. आणि वाघाची बातमी सर्वांत आधी कोणाला लागते? गुराख्यांना, मेंढपाळांना, सरपण वेचणाऱ्या बायांना. धुळीतला माग वाचणारी ही माणसे आज साक्षीदार म्हणूनच विचारली जातात. वाटाडे म्हणून त्यांना पगार द्यायचे अजून कोणाच्या मनात येत नाही.

यावर दुसरा आक्षेप श्रद्धेचा. रामलिंग आणि पार्श्वनाथ ही पूजेची ठिकाणे आहेत. भाविकाला तिकीट आणि वाटाड्याची सक्ती कशी करणार? करूच नये. मुलूतही पेनान लोकांचे शिकारीचे आणि रानातून अन्न गोळा करण्याचे परंपरागत हक्क उद्यानात मान्य केलेले आहेत. नियम सगळ्यांना एकच नाही. इथे मंदिराच्या आवारापर्यंत वाट मोकळी, त्यापुढच्या रानात वाटाड्यासह, असा भेद सहज करता येईल. नियमाचा जाच भाविकाला होऊ नये. तो सेल्फीसाठी ओल्या कड्याकडे धावणाऱ्याला आणि वानरांपुढे वेफर्सची पाकिटे फोडणाऱ्याला व्हावा.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: पर्यटन वाढवले की जागेची नासाडी होते, मग आहे ते शांत राहू द्यावे. महाराष्ट्राने याचा अनुभव कास पठारावर घेतला आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या हंगामात गर्दी उसळली. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे गेली. भोवती लोखंडी जाळीही घातली गेली, पण चरणारी जनावरे थांबल्याने फुलांवरच परिणाम होतो असा आक्षेप आला आणि ती काढावी लागली. यातून मी दोन गोष्टी घेतो. गर्दीला मर्यादा घालता येते, आणि ती गावाच्या हाताने घातली तर टिकते. कुंपणाने मात्र भागत नाही. ताडोब्यात प्रत्येक सफारी गाडीत स्थानिक गाइड असलाच पाहिजे हा नियम आता कोणालाच खटकत नाही. धाराशिवच्या लेण्यांबाबत तर ‘शांत राहू द्या’ या सल्ल्याचा अर्थ फार वेगळा होतो. ओस जागा शांत नसते. तिथे नावे कोरली जातात, चुली पेटतात, बाटल्या फुटतात. पहारा परवडत नसेल तर रोज येणारा, त्या जागेवर पोट असलेला वाटाडा हाच सर्वांत स्वस्त पहारा.

मग येणार कोण? तुळजापूर याच जिल्ह्यात आहे. नवरात्रात लाखो लोक भवानीच्या दर्शनाला येतात आणि दर्शन झाले की बसमध्ये बसतात. त्यांतल्या फार थोड्यांनी एक दिवस वाढवला तरी दोन-चार डझन वाटाड्यांचे घर चालेल. मात्र पाहुण्यांना दाखवायचा क्रम नीट लावला पाहिजे. पहिल्यांदा तेर: ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या वर्णनग्रंथात तगर म्हणून आलेले व्यापारी शहर, विटांचे गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांची समाधी, आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या मूर्ती. लेणी कोरवून घेणाऱ्या समाजाकडे पैसा कुठून आला, हे तिथे कळते. मग लेणी, सकाळच्या तिरप्या उन्हात. शेवटी रामलिंग, श्रावण ते कार्तिक या काळात, पाणी वाहते असताना.

अडचण पैशाची कमी आणि खात्यांची जास्त आहे. लेणी पुरातत्त्वाची, रान वन विभागाचे, रस्ता आणखी कोणाचा, मंदिर विश्वस्तांचे. प्रत्येकाची पाटी वेगळी, आणि एकाच वाटेवरचा माणूस चार हद्दी ओलांडतो. अभयारण्यालगतच्या गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या करण्याची सोय राज्याच्या योजनेत आहे. वाटाडे निवडणे, त्यांचा दर ठरवणे आणि एका वेळी किती माणसे न्यायची ते ठरवणे ही कामे अशा समित्यांकडे द्यावीत, आणि लेण्यांतले प्रशिक्षण पुरातत्त्वाच्या जाणकारांनी द्यावे. पहिल्या तुकडीत निम्म्या मुली असाव्यात आणि निदान दोन मेंढपाळ असावेत. त्यांना इंग्रजी यायची गरज नाही, कारण इथे येणारा पाहुणा बहुधा सोलापूर, लातूर, बीड किंवा पुण्याचाच असणार.