घरच्या बाळंतपणाची विद्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात आज शेकडा सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून दिसते. तथापि पावसाळ्यात ओढेनाले भरून वाटा बंद पडल्या, की गडचिरोली-नंदुरबारकडील दुर्गम पाड्यांवर स्त्रीची सुटका घरीच होते, आणि त्या समयी तिच्याजवळ कोण बसले आहे यावर दोन जीवांचे भवितव्य अवलंबून राहते. म्हणून हे काम पत्करू इच्छिणाऱ्या स्त्रीच्या पूर्वतयारीविषयी रूढ असलेल्या समजुती पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज: सुईणपण वंशपरंपरेने येते, त्याला निराळे शिक्षण नको.

वस्तुस्थिती: सरावलेला हात, धीर देणारी वाणी आणि गावाचा विश्वास ही सुईणीची दौलत आहे व तिचा अव्हेर करणे कृतघ्नपणाचे होईल, परंतु बहुतेक बाळंतपणे निर्विघ्न पार पडत असल्यामुळे प्राणांतिक आपत्ती अनुभवी सुईणीच्याही वाट्याला क्वचितच येते, आणि जे क्वचित येते त्याची तालीम आधीच झालेली असावी लागते. याच कारणास्तव भारत सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत नर्सलाही मिडवाइफ होण्यासाठी १८ महिन्यांच्या शिक्षणाची मुदत घालून दिली आहे. शिक्षणाने काय साधते, याचा दाखला गडचिरोलीनेच दिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरच्या बाळंतपणात दाईसोबत हजर राहून न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यास, त्याची ऊब राखण्यास आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करण्यास शिकवले. तेथील नवजात-मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गैरसमज: गरम पाणी आणि कोरे पाते असले की स्वच्छता झाली.

वस्तुस्थिती: साबणाने धुतलेले हात, स्वच्छ अंथरूण, निर्जंतुक पाते, निर्जंतुक दोरा आणि कोरडी ठेवलेली नाळ, या साऱ्यांची एकत्र तजवीज हवी. नाळेवर शेण, राख वा हळद लावणे म्हणजे जंतूंना, त्यातही धनुर्वाताच्या जंतूंना, वाट मोकळी करून देणे होय. नवजात धनुर्वात निर्मूलनाचा जो टप्पा भारताने २०१५ मध्ये गाठला, त्यात मातांच्या लसीकरणाबरोबर या स्वच्छतेचाही वाटा आहे.

गैरसमज: कळा मंदावल्या तर इंजेक्शन टोचून किंवा पोट दाबून बाळंतपण उरकावे.

वस्तुस्थिती: बाळ जन्मण्यापूर्वी घरी टोचलेल्या ऑक्सिटोसिनची मात्रा मग आवरता येत नाही; कळा अखंड चालू राहून बाळाचा प्राणवायू तुटतो, प्रसंगी गर्भाशय फाटते, आणि पोटावर जोर देण्यातही इजेचे भय आहेच. मात्र तेच औषध, शिकलेल्या हाताने, बाळ जन्मल्यानंतर दिले असता रक्तस्राव रोखते. जेथे इंजेक्शनची सोय नाही तेथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्याही उपयोगी पडतात: बेळगाव जिल्ह्यात सहायक परिचारिकांनी घरी व उपकेंद्रांत केलेल्या १,६२० बाळंतपणांच्या अभ्यासात, या गोळ्यांमुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ साली सिद्ध झाले. औषधाइतकीच त्याची वेळ जाणणे ही या विद्येची कसोटी आहे.

गैरसमज: दवाखान्यात पाठवणे म्हणजे सुईणीची हार.

वस्तुस्थिती: इंग्लंडमध्ये मिडवाइफ पूर्ण शिकलेली, रुग्णवाहिका हाकेसरशी येणारी आणि गर्भवती निवडक, कमी जोखमीची, तरीसुद्धा ६४,५३८ स्त्रियांच्या २०११ सालच्या अभ्यासात, घरी बाळंत होऊ पाहणाऱ्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना रुग्णालयात हलवावे लागले, तर पूर्वी बाळंत झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. दुसऱ्या गटाच्या बाळांना घरी जादा धोका आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र तो आढळला. सारांश, घरचे बाळंतपण सर्वस्वी घातकही नव्हे आणि सर्वांस मानवणारेही नव्हे.

म्हणून पायाळू बाळ, जुळे, पूर्वीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब किंवा तीव्र पंडुरोग यांपैकी काही दिसल्यास, अशा स्त्रीला दिवस भरण्यापूर्वीच दवाखान्याजवळ हलवण्याचा बंदोबस्त सुईणीने केला पाहिजे. आणि कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके ११० ते १६० च्या मर्यादेबाहेर राहू लागले, वार अडकली किंवा रक्त थांबेना, तर कोणते वाहन, कोणत्या वाटेने, कोणाच्या सोबतीने न्यायचे, हे घरच्यांशी आधीच ठरलेले असले पाहिजे. आप्तेष्टांचा आग्रह आणि स्वतःचा लौकिक बाजूला सारून, ‘हे आता माझ्या हातचे नाही, चला’ असे जिला वेळेवर म्हणता येते, तिलाच घरचे बाळंतपण हाती घेण्याचा अधिकार पोहोचतो.