अठ्ठ्याहत्तर तासांत पुण्याच्या पन्नास फेऱ्या

मलकापूरच्या ढेबेवाडी फाट्यापासून पुणे साधारण १६० किलोमीटर. समजा, एक गाडी इथून निघाली, पुण्याला जाऊन परत आली आणि तशीच पुन्हा निघाली. अशा पन्नास फेऱ्या तिने रात्रंदिवस मारल्या. पेट्रोल भरणे आणि चालक बदलणे यांचा वेळ धरूनही सगळा हिशोब ७८ तासांत आटोपला. सोमवारी सकाळी सहाला निघालेली गाडी गुरुवारी दुपारी बाराला मोकळी! सरासरी वेग ताशी २०६ किलोमीटर.

एवढे अंतर एवढ्याच वेळात एका जपानी गाडीने खरोखर कापले आहे, तेही साठ वर्षांपूर्वी. टोयोटा २००० जीटी ही दोन दारांची, दोघांनीच बसायची स्पोर्ट्स कूपे. १ ते ४ ऑक्टोबर १९६६ या काळात टोकियोच्या ईशान्येला यताबे इथल्या चाचणी मार्गावर ती धावली. मार्ग साडेपाच किलोमीटरचा, लंबगोल. कापायचे होते १०,००० मैल, म्हणजे १६,०९३ किलोमीटर. त्यासाठी २,९०० हून अधिक चकरा माराव्या लागल्या. एक चक्कर सरासरी ९६ सेकंदांची, दर सेकंदाला ५७ मीटर. मधेच वादळी पाऊस आला, तरी गाडी धावतच राहिली. शेवटी नावावर लागले ३ जागतिक आणि १३ आंतरराष्ट्रीय विक्रम. पुढच्याच वर्षी पोर्शने इटलीतल्या मोंझाला याहून मोठी सरासरी गाठली. पण कालपरवापर्यंत ज्यांच्या गाड्यांना युरोपात कोणी विचारत नव्हते, त्यांच्याशी आता पोर्शला स्पर्धा करावी लागत होती.

खरे थक्क करणारे आकडे इंजिनाच्या पोटात आहेत. सहा सिलिंडर, एकूण १,९८८ सीसी. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ७५ मिलिमीटरच. चाचणीत इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत होते असे धरू. ७८ तासांत फेरे झाले सुमारे २ कोटी ८० लाख. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो, म्हणजे १५ सेंटिमीटर चालतो. बेरीज केली तर एकेका पिस्टनने बोटभर लांबीच्या त्या खोबणीत ४,२०० किलोमीटर येरझारा घातल्या. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे!

या प्रवासात तो पिस्टन ५ कोटी ६० लाख वेळा पूर्ण थांबला आणि उलट फिरला. इंजिनातल्या स्फोटांची संख्या सव्वाआठ कोटींच्या वर गेली. मिनिटाला ६,६०० फेऱ्यांवर तर वरच्या टोकाला पिस्टनला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या १,८०० पटींहून जास्त असतो. पिस्टन अर्ध्या किलोचा धरला, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडवर ९०० किलोंहून अधिक ताण येतो, सेकंदाला ११० वेळा.

एवढी धावपळ कशासाठी, हे समजायला उसाची ट्रॉली ओढणारा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाहावा. त्याच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, या स्पोर्ट्स गाडीएवढाच भरतो. फरक फेऱ्यांचा आहे. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २,१०० च्या आसपास फिरते, या गाडीचे ६,६०० वर. जोर तोच, फेरे तिप्पट, म्हणून शक्तीही तिप्पट: १५० अश्वशक्ती. पण तेवढ्या वेगात इंजिनाला श्वास घ्यायला वेळ मिळायला हवा. टोयोटाच्या क्राउन या घरगुती गाडीच्या इंजिनावर यामाहाने नवे हेड बसवले, त्यात वर दोन कॅमशाफ्ट दिले आणि शेजारी तीन कार्बोरेटर लावले. डॅशबोर्डचे लाकूडकामही यामाहाचेच. पियानो बनवणाऱ्या कंपनीला ते जड नव्हते.

गाडीची उंची ११६ सेंटिमीटर, म्हणजे छप्पर उभ्या माणसाच्या छातीपर्यंतही पोचत नाही. १९६७ च्या बाँडपटात शॉन कॉनरीला तीत नीट बसता येईना, तेव्हा छप्परच काढून दोन गाड्या मुद्दाम तयार केल्या गेल्या.

या यशामागची वाट सांगली-साताऱ्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल. टोयोटाचा उगम मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ चा, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा १८६९ चा. एकाने स्वयंचलित माग घडवला, दुसऱ्याने लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. मागाचे हक्क वापरू देण्यासाठी १९२९ मध्ये एका इंग्रज कंपनीशी १ लाख पौंडांचा करार झाला, आणि तोयोदांच्या मुलाने मोटारीचा ध्यास घेतला. मोटार कंपनी उभी राहिली १९३७ मध्ये. यताबेचा विक्रम त्यानंतर अवघ्या २९ वर्षांनी. पुढे १९९७ मध्ये मागवाल्यांचे आणि नांगरवाल्यांचे वारस टोयोटा किर्लोस्कर या कंपनीत एकत्र आले. तिचा कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला आहे.

आता शेवटचा हिशोब. २००० जीटीची किंमत होती २३ लाख ८० हजार येन. टोयोटाच्याच त्या वेळच्या साध्या कोरोला गाडीच्या साडेपाच पट. १९६७ ते १९७० या काळात गाड्या बनल्या जेमतेम साडेतीनशे, आठवड्याला दोन. म्हणूनच २०२२ मध्ये त्यांतली एक २५ लाख डॉलरांवर विकली गेली. टोयोटाने २०२३ मध्ये जगभरात १ कोटीहून अधिक गाड्या बनवल्या. त्या गतीने साडेतीनशे गाड्या तयार व्हायला लागतात १८ मिनिटे.

विक्रीच्या वहीत ही गाडी किरकोळच ठरली. पण तारखा पाहा. विक्रम ४ ऑक्टोबर १९६६ ला पुरा झाला आणि पहिली कोरोला ५ नोव्हेंबरला बाजारात आली. २०२१ पर्यंत कोरोलाचा आकडा ५ कोटींवर गेला: एका २००० जीटीमागे सुमारे १ लाख ४३ हजार कोरोला. जपानी इंजिन न थकता चालते हा विश्वास त्या एका महिन्यात विकत घेता आला नसता; तो ७८ तास पळून कमवावा लागला.