पत्ता जातो, पान जात नाही

जून-जुलै आला की चाकूरमधल्या महा ई-सेवा केंद्रांपुढे दोन रांगा दिसतात. एक सातबारा आणि पीकविम्याची, दुसरी प्रवेशाच्या फॉर्मांची. दुसऱ्या रांगेतला एखादा मुलगा खुर्चीवर बसतो, स्वतःच्या जीमेलने कॉम्प्युटरवर लॉगिन करतो आणि कोड्यात पडतो. "दादा, रात्री फोनवर फॉर्म अर्धा भरून ठेवला होता. टॅब तर इथं दिसायलाय, पण भरलेलं कायच कामून दिसंना? परत लॉगिन कर म्हणायलंय." मागची रांग वाढलेली असते. "नेट स्लो हाय रे," एवढ्यावर विषय मिटतो आणि फॉर्म पहिल्या रकान्यापासून सुरू होतो.

नेटचा इथे काडीचाही दोष नसतो. फोनवर उघडलेले टॅब कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरचे फोनवर दाखवणारी ही सोय, म्हणजे टॅब सिंक, आपण समजतो त्यापेक्षा फार थोडं काम करते. ब्राउझर उघड्या टॅबांची यादी करतो. पानाचा पत्ता कुठला, त्याचं शीर्षक काय, शेवटचं कधी पाहिलं, साधारण एवढंच त्या यादीत असतं. ती यादी तुमच्या अकाउंटच्या नावावर कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून तुमच्या बाकीच्या उपकरणांवर उतरते. लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाचा पत्ता असतो; पत्रिका हाती आली म्हणून मांडव घरी येत नाही.

सोय नवी नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने डिसेंबर २००७ मध्ये 'वीव्ह' या नावाने तिचा प्रयोग सुरू केला, तो मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ मध्ये कायमचा आला. क्रोममध्ये उघडे टॅब सिंक होऊ लागले मे २०१२ मध्ये, आणि त्याच वर्षी ॲपलच्या सफारीतही. म्हणजे दशकाहून जुनी गोष्ट. तरी तिच्याबद्दलचे समज मात्र ऐकीवच राहिले आहेत.

गैरसमज १ : टॅब दिसला म्हणजे पान जसंच्या तसं आलं.

वस्तुस्थिती : पत्ता आला, पान नाही. तुम्ही त्या नावावर बोट ठेवता तेव्हा दुसरं उपकरण ते पान वेबसाइटकडून नव्याने मागवतं. इंटरनेट नसेल तर नुसतं नाव दिसेल, मजकूर उघडणार नाही.

रकान्यांत टाइप केलेला मजकूर त्या एका फोनच्या त्या एका टॅबात असतो. तो सिंक होत नाही. लॉगिनचंही तसंच. लॉगिन झाल्यावर वेबसाइट ब्राउझरला एक खूण देते, तिला कुकी म्हणतात. जत्रेत पाळण्यात बसण्याआधी मिळणाऱ्या पासासारखी ती. पास ज्याच्या हातात, त्यालाच आत सोडतात. टॅब सिंक कुकी नेत नाही, म्हणून नव्या ठिकाणी "परत लॉगिन करा" असं येतं. यात बिघाड काही नाही, उलट सुरक्षा आहे. नाहीतर बँकेचं उघडं पान यादीबरोबर गावभर फिरलं असतं.

मग अर्धा भरलेला फॉर्म दुसरीकडे कसा न्यायचा? बऱ्याच फॉर्मांमध्येच 'सेव्ह' किंवा 'सेव्ह अँड नेक्स्ट' असं बटण असतं. ते दाबलं की माहिती त्या वेबसाइटच्या सर्व्हरवर जमा होते आणि कुठूनही लॉगिन केलं तरी समोर येते. हे काम वेबसाइटचं, टॅब सिंकचं नव्हे. बटण न दाबता फोन खिशात टाकला असेल, तर कितीही सिंक करा, हाती काही लागणार नाही. फोनमध्ये उतरवून घेतलेल्या पीडीएफचीही तीच गत. ती फाइल फोनमध्येच असते. कॉम्प्युटरवर हवी असेल तर पाठवावी लागते.

गैरसमज २ : दोन्ही उपकरणं एकाच वेळी सुरू हवीत, आणि एकाच वायफायवर.

वस्तुस्थिती : यादी सर्व्हरवर ठेवलेली असते, त्यामुळे उपकरणं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर चार पानं उघडली, मग लाइट गेली, तरी ती चार नावं लातूर रोड स्टेशनच्या फलाटावर फोनमध्ये दिसू शकतात. अट एकच: लाइट जाण्याआधी कॉम्प्युटरला यादी वर पाठवायला नेट मिळालेलं असावं. शेवटच्या क्षणी उघडलेलं पान म्हणूनच कधीकधी राहून जातं. आणि जे उपकरण बरेच दिवस उघडलंच नाही, त्याचं नाव यादीतून आपोआप गळतं.

गैरसमज ३ : सिंक चालू ठेवलं की डेटा पॅक संपतो.

वस्तुस्थिती : हिशेबच करून पाहू. वेबपत्त्यात 'चाकूर' लिहिलं की संगणक त्याचे पाच तुकडे करतो: च, काना, क, दीर्घ ऊकार, र. देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. पाच गुणिले नऊ, म्हणजे ४५. (मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते, ती यामुळेच.) हे पान मराठी विकिपीडियावरचं असेल, तर पत्त्याचा सुरुवातीचा भाग आणखी ३० चिन्हांचा. सगळा मिळून पत्ता ७५ बाइटचा झाला. शीर्षक आणि वेळ धरून एका टॅबचे अगदी काहीशे बाइट मोजले, तरी शंभर टॅबांची यादी 'गुड मॉर्निंग'च्या एका फोटोपेक्षा हलकी भरते. डेटा खातं ते पान उघडणं, त्यातले फोटो आणि व्हिडिओ. हो, पासवर्ड, बुकमार्क, एक्स्टेन्शन असं सगळंच सिंकला लावलं तर थोडी भर पडते. पण तरीही दोष यादीचा नाही.

गैरसमज ४ : कुठल्याही ब्राउझरमधले टॅब कुठल्याही ब्राउझरमध्ये येतात.

वस्तुस्थिती : प्रत्येक कंपनीची वही वेगळी. क्रोमची यादी क्रोमलाच कळते, फायरफॉक्सची फायरफॉक्सला, एजची एजला. आयफोनवर सफारी आणि ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर क्रोम वापरणाऱ्याला यादी जुळलेली कधीच दिसणार नाही. ॲपलने विंडोजसाठी सफारी काढणं २०१२ मध्येच थांबवलं. उपाय सोपा आहे: दोन्हीकडे एकच ब्राउझर घ्या. आयफोनवरही क्रोम आणि फायरफॉक्स चालतात.

आपल्याकडे खरी गडबड वेगळीच होते. बऱ्याच फोनमध्ये कंपनीने स्वतःचा ब्राउझर आधीच घातलेला असतो आणि तोच आपण 'गूगल' समजून वापरतो. फेसबुकवर आलेली लिंक तर फेसबुकच्याच आतल्या खिडकीत उघडते. ती पानं क्रोमच्या टॅबांत मोडतच नाहीत, मग यादीत येणार कुठून? तीन ठिपके दाबून 'क्रोममध्ये उघडा' किंवा 'ब्राउझरमध्ये उघडा' म्हटलं, तरच पान यादीत जातं.

गैरसमज ५ : माझ्या फोनमध्ये दुसऱ्याचे टॅब दिसतात, म्हणजे फोन हॅक झाला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा चोर घरातलाच निघतो, आणि तो चोर नसतोच. वडिलांसाठी नवा फोन आणला. 'ईमेल टाका' असं आलं. वडिलांचा ईमेल नव्हता, म्हणून पुण्यात शिकणाऱ्या मुलाने स्वतःचाच टाकला आणि समोर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं. आता वडील चाकुरात सोयाबीनचा भाव पाहतात, तो टॅब पुण्यात मुलाच्या लॅपटॉपवर दिसतो. मुलाने उघडलेली पानं वडिलांच्या फोनमध्ये दिसतात, आणि त्यांतली काही दोघांनाही अवघडून टाकणारी असतात.

ब्राउझरला माणूस कळत नाही, अकाउंट कळतं. एक अकाउंट म्हणजे त्याच्या लेखी एक माणूस, मग फोन चार असोत. वडिलांना त्यांचं स्वतःचं अकाउंट काढून द्यावं, हाच यावरचा पक्का इलाज. तोवर निदान सिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन इतिहास आणि टॅब बंद करावेत. संपर्क क्रमांकांसारख्या बाकीच्या गोष्टी चालू राहतात.

मात्र यादीत अनोळखी उपकरणाचं नाव दिसलं, तर दुर्लक्ष करू नका. गूगल अकाउंटच्या सुरक्षा विभागात 'तुमची उपकरणं' अशी यादी असते. नको ते नाव तिथून काढा आणि पासवर्ड बदला.

गैरसमज ६ : सिंक आहे ना, मग सगळं जपून ठेवलेलं आहे.

वस्तुस्थिती : सिंक हा आरसा आहे, ट्रंक नव्हे. आरशासमोरून वस्तू हलली की आरशातूनही जाते. फोनवर टॅब बंद केला की कॉम्प्युटरवरच्या यादीतलं त्याचं नाव थोड्या वेळाने पुसलं जातं. बुकमार्कचं तर जास्त जपायला हवं. वडवळ नागनाथच्या बेटावरच्या औषधी वनस्पतींची माहिती वर्षभर गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवली आणि धाकट्या भावाने फोनवर ते फोल्डर उडवलं, तर सगळ्या उपकरणांवरून ते उडतं. सिंकने आपलं काम चोख केलेलं असतं. महत्त्वाच्या बुकमार्कची फाइल कॉम्प्युटरवर वेगळी उतरवून ठेवता येते, आणि महत्त्वाची पानं पीडीएफ करून.

गैरसमज ७ : कंपनी सगळं वाचते. किंवा उलट: कुणालाच काही दिसत नाही.

वस्तुस्थिती : ब्राउझर कुठला, यावर उत्तर बदलतं. फायरफॉक्स यादीला तुमच्या उपकरणावरच कुलूप लावून मग सर्व्हरवर पाठवतो. किल्ली तुमच्या पासवर्डातून तयार होते, म्हणून मोझिलालाही आत डोकावता येत नाही. सफारीचे टॅबही असेच टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद जातात. ब्रेव्हमध्ये तर अकाउंटच लागत नाही, शब्दांची एक लांब माळ हीच किल्ली. क्रोममध्ये माहिती सुरक्षित पाठवली जाते, पण किल्ली गूगलकडेही राहते. ती फक्त स्वतःकडे हवी असेल, तर सेटिंगमध्ये स्वतंत्र सांकेतिक वाक्य ठेवता येतं. किल्ली तुमचीच असेल तर ती हरवल्याचा भुर्दंडही तुमचाच: सर्व्हरवरची माहिती पुसून सिंक नव्याने सुरू करावं लागतं.

इनकॉग्निटो खिडकीतले टॅब मात्र सिंक होत नाहीत. पण त्याचा अर्थ ते अदृश्य असतात असाही नाही. ती खिडकी त्या उपकरणावर खुणा ठेवत नाही, इतकंच. वेबसाइट आणि नेट पुरवणारी कंपनी आपलं येणं-जाणं पाहू शकतात. यावरूनच २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं.

गैरसमज ८ : काम झालं, खिडकी बंद केली, विषय संपला.

वस्तुस्थिती : वरच्या सगळ्यांत हा समज सर्वांत महागात पडतो. सुरुवातीचा मुलगा आठवा. फोनवरचा टॅब केंद्रातल्या कॉम्प्युटरवर दिसला, याचं त्याला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तो नुसता जीमेल उघडून थांबला नव्हता, तर त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच त्याने आपलं अकाउंट जोडलं होतं आणि सिंकला 'हो' म्हटलं होतं. जीमेल उघडणं वेगळं, ब्राउझरमध्ये साइन-इन करणं वेगळं आणि सिंक चालू करणं आणखी वेगळं. या पायऱ्यांमधली सीमा पुसट झाली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. क्रोम ६९ पासून जीमेल उघडलं की ब्राउझरही आपोआप साइन-इन होऊ लागला. सिंक तेव्हाही वेगळं विचारलं जायचं; पण लोक चिडले आणि पुढच्याच आवृत्तीत ते जोडकाम तोडायचं बटण द्यावं लागलं.

खिडकी बंद केल्याने अकाउंट निघत नाही. मुलगा घरी गेला, पण त्याची यादी तिथेच उतरत राहते. पासवर्डही सिंकला असतील, तर तेही खुर्चीवर पुढे बसणाऱ्याच्या हाताशी. घरी येऊन फोनवरून त्या कॉम्प्युटरला साइन-आउट करता येतं, आणि करावंच. पण त्याने नवी माहिती जाणं थांबतं. आधी उतरलेली माहिती तिथून पुसली जाईलच असं नाही. म्हणून पाठोपाठ महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत.

त्यापेक्षा खुर्चीवर बसतानाच दोन शब्द बोलावेत: "दादा, गेस्टमध्ये उघडून द्या." क्रोममध्ये गेस्ट, म्हणजे पाहुण्याची खिडकी असते. तीत सिंक चालतच नाही आणि ती बंद केली की ब्राउझरमध्ये मागे काही उरत नाही. रात्री फोनवर 'सेव्ह' दाबलेलं असेल, तर तिथे लॉगिन केल्यावर अर्धा फॉर्म समोर येईल, उरलेला भरायचा आणि उठायचं. टॅब सिंकची त्यात गरजच पडत नाही.