पहिले दोन दिवस नुसती विश्रांती

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी चंडीगडला होतो. बाबांची बदली सध्या तिथे आहे. सकाळी लवकर गच्चीवर गेलो की हवाई दलाची मोठी मालवाहू विमाने डोंगरांच्या दिशेने जाताना दिसत. बाबा म्हणाले, "यातली बरीच लेहला जातात. दुपारी तिकडे वारा वाढतो, म्हणून सगळी घाई सकाळची." बाबा स्वतः लडाखमध्ये राहून आलेले आहेत. मी त्यांना विचारले, "लेहला उतरल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

"झोपलो," बाबा म्हणाले.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही झोपलो. तसा हुकूमच असतो."

मला हसू आले. आमच्या शाळेत पाच वाजता शिट्टी होते आणि पाच मिनिटांत मैदानावर हजर व्हावे लागते. आणि इथे सैन्यच जवानाला झोपण्याचा हुकूम देते! पण त्यामागचे कारण शोधायला लागलो तेव्हा कळले की या दोन दिवसांमागे कित्येक वर्षांचे संशोधन आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग चंडीगडमध्येच झाला आहे.

आधी उंचीचा हिशेब पाहू. चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने हे अंतर साधारण तासाभराचे. उंचावर ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते असे आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तिथेही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश असतो. म्हणजे तेवढ्याच एका श्वासात ऑक्सिजन मात्र कमी येतो. सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर, ५,८०० मीटरच्या पुढे, हा दाब निम्म्यावर येतो.

शरीर गप्प बसत नाही. ते लगेच श्वास वाढवते. काही दिवसांत मूत्रपिंडे रक्ताचे रसायन बदलून या वाढलेल्या श्वासाशी जुळवून घेतात. काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. पण या सगळ्याला वेळ लागतो. विमानाला तास पुरतो, शरीराला पुरत नाही.

खरी गंमत, आणि खरा धोका, फुप्फुसात आहे. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोन शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की श्वासातला ऑक्सिजन कमी केला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बाकी शरीरात याच्या उलट होते. जिथे ऑक्सिजन कमी, तिथल्या वाहिन्या रुंदावतात. मग फुप्फुसच असे का वागते? समजा, फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात कफ साठला आहे. तिथे हवा पोचत नाही. तिथे रक्त पाठवणे म्हणजे रिकाम्या मेसमध्ये तुकडी जेवायला पाठवणे. म्हणून तिथली वाहिनी आकसते आणि रक्त जिथे हवा आहे तिकडे वळते. मैदानी भागात ही युक्ती आपल्याला वाचवते.

उंचावर मात्र कमतरता एका कोपऱ्यात नसते, सगळ्या फुप्फुसात असते. मग सगळ्याच वाहिन्या आकसतात. हृदयाचा उजवा कप्पा फुप्फुसाकडे रक्त ढकलतो. त्याला एरवी हलके काम असते. त्याचा दाब डाव्या कप्प्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच असतो. आता त्याला अरुंद नळ्यांतून रक्त रेटावे लागते. शिवाय या वाहिन्या सगळीकडे सारख्या आकसत नाहीत. जिथे कमी आकसल्या तिथे रक्ताचा लोंढा जातो, दाब वाढतो आणि पातळ पाणी झिरपून फुप्फुसात उतरते. माणूस डोंगरावर, कोरड्या हवेत, आतून बुडायला लागतो. यालाच फौजेत 'हॅपो' म्हणतात. खोकला, दम, छातीत घरघर, ओठ निळसर, ही त्याची लक्षणे. परिश्रम आणि थंडी या दोन्हींमुळे हा दाब आणखी वाढतो. आता दोन दिवसांच्या झोपेचा अर्थ लागतो.

भारतीय सैन्याला हे ज्ञान फार महाग पडले. १९६२ च्या युद्धात सपाट प्रदेशातल्या तुकड्या घाईने उंचावर न्याव्या लागल्या. त्यानंतर सैन्यातल्या डॉक्टरांनी आजारी जवानांचा काटेकोर अभ्यास केला. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हॅपोच्या ३३२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि १९६९ मध्ये १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराची. उंचीच्या आजारांवर जगभर आजही या अभ्यासांचा आधार घेतला जातो.

चंडीगडची गोष्ट यापुढची आहे. तिथे १९६२ मध्ये स्थापन झालेली पीजीआय ही मोठी वैद्यकीय संस्था आहे. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. इंदर आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये २१ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे जवान ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर सरासरी अकरा आठवडे राहिले होते. त्यांना पहिल्या दिवसांत काही झाले नव्हते. हळूहळू त्यांना दम लागू लागला, पाय आणि चेहरा सुजला, पोटात पाणी झाले. तपासणीत दिसले की हृदयाचा उजवा भाग मोठा होऊन थकला आहे. धडधाकट तरुणांचे हृदय नुसत्या उंचीने निकामी होऊ लागले होते. आणि दिलासा देणारी गोष्ट अशी, की खाली आणल्यावर त्यांचे हृदय पुन्हा पूर्वपदावर आले. इजा झाली होती, पण वेळेवर उतरवल्यामुळे ती कायमची राहिली नाही.

असाच आजार गुरांमध्ये आधीपासून माहीत होता. अमेरिकेच्या कोलोरॅडो भागात उंच कुरणांवर नेलेल्या काही गाई आजारी पडत, त्यांच्या पुढच्या पायांमधल्या छातीच्या भागात पाणी साठून सूज येई. १९१५ मध्येच त्याची नोंद झाली होती. गाईच्या फुप्फुसातल्या वाहिन्यांना स्नायूचा थर जाड असतो, म्हणून त्या फार जोरात आकसतात.

मग याक कसा राहतो? हाच प्रश्न डॉ. आनंद आणि लंडनचे डॉ. पीटर हॅरिस यांनी लडाखमध्ये विचारला. त्यांनी याक, गाई आणि त्यांच्या संकरित जनावरांच्या फुप्फुसातला रक्तदाब मोजला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष मांडले. याकच्या वाहिन्या उंचीवरही जवळजवळ आकसत नाहीत, त्यामुळे त्याच्या हृदयावर ताण येत नाही. याक आणि गाईचा संकर म्हणजे झो. तोही याकसारखाच निघाला. झोच्या मादीचा पुन्हा बैलाशी संकर केला की होणाऱ्या जनावरांत मात्र काही याकसारखी, काही गाईसारखी निघाली. विज्ञानाच्या तासाला मेंडेलचे वाटाणे शिकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. हा गुण रक्तातून उतरतो. हजारो वर्षांत याकने आपली ती 'युक्ती' टाकून दिली आहे. आपण माणसे, विशेषतः सपाट प्रदेशातली, ती अजून बाळगून आहोत.

म्हणून आपल्याला बाहेरून संरक्षण द्यावे लागते. सर्वांत चांगला उपाय खाली उतरणे. तोवर ऑक्सिजन आणि वाहिन्या सैल करणारी औषधे देतात. हवामान खराब असेल, हेलिकॉप्टर येऊ शकत नसेल, तर रुग्णाला बंद पिशवीत झोपवून आत पंपाने हवा भरतात. दाब वाढला की डोंगर न उतरताच तो दीड-दोन हजार मीटर उतरल्यासारखा होतो. १९९८ मध्ये डॉ. आनंद यांच्या गटाने हॅपोच्या रुग्णांना नायट्रिक ऑक्साइड हा वायू अगदी थोड्या प्रमाणात श्वासातून देऊन पाहिला. फुप्फुसातला दाब उतरला, आणि ऑक्सिजनबरोबर दिल्यावर परिणाम आणखी चांगला झाला.

पण या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे वेळापत्रक. सैन्यात उंचीशी जुळवून घेण्याचे तीन टप्पे आहेत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाट रस्त्यावर संथ चालणे, शेवटचे दोन दिवस थोडी चढण. मग १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्यावर आणखी चार दिवस. चार आठवड्यांहून जास्त सुट्टीवर गेलेल्या जवानाला परत आल्यावर हे सगळे नव्याने करावे लागते. आधी कितीही वर्षे तिथे काढलेली असोत.

बाबांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. ते म्हणाले, "हॅपो अशक्त माणसालाच होतो असं नाही. जो तगडा आहे, तो पहिल्याच दिवशी बॅडमिंटन खेळायला जातो, डोकं दुखलं तर सांगत नाही. त्यालाच धोका जास्त."

हे ऐकून मी गप्प झालो, कारण मीही तसाच आहे. मागच्या वर्षी क्रॉस कंट्रीच्या आधी माझा घोटा दुखत होता. हाउसचे गुण जातील म्हणून मी कोणालाच सांगितले नाही. धावलो, शेवटून चौथा आलो आणि नंतर तीन आठवडे परेडबाहेर बसलो. हाउसचे गुण तरी कुठे वाचले? माझा घोटा होता म्हणून तीन आठवड्यांवर भागले. फुप्फुस असते तर एक रात्रही जास्त ठरली असती.

आपल्याला शिकवले जाते की त्रास सहन करावा. ते बरोबरच आहे. पण सहन करणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंचावर प्रत्येक जवानाला एक बडी असतो, आणि त्याचा श्वास, त्याची चाल, त्याचे बोलणे यांवर लक्ष ठेवणे हे बडीचे काम असते. डोके दुखते आहे असे वेळेवर सांगणारा जवान तुकडीला एका माणसाची शुद्धीवर असलेली खबर देतो. लपवणारा मध्यरात्री चार जणांना स्ट्रेचर उचलायला लावतो.

बाबांना पुन्हा लडाखला जावे लागेल, कदाचित पुढच्याच वर्षी. आईला तेव्हा काळजी वाटेलच. मलाही वाटेल. पण आता मला माहीत आहे की पहिल्या दोन दिवसांत फोन केला आणि "काय करताय?" असे विचारले, तर कोणते उत्तर ऐकायचे आहे.

"झोपलोय."