पोरगा आमदारकीला उभा राहतो म्हणाला तर...



रात्रीची जेवणं उरकलेली असतात. आबा सोप्यात बसून सुपारी कातरत असतात. अशा वेळी थोरला मुलगा हळूच विषय काढतो, "आबा, पुढच्या विधानसभेला उभा ऱ्हावं म्हणतोय." आबांचा अडकित्ता तिथंच थांबतो. आईला कौतुकही वाटतं आणि पोटात गोळाही येतो. धाकटा भाऊ काहीच बोलत नाही, कारण सातबारा अजून सामाईक आहे.

असा प्रसंग उद्या तुमच्याही घरी येईल. मी शेतीखात्यातला माणूस. मत कोणाला द्या हे सांगणं माझं काम नव्हे. पण पेरणीआधी मातीचं परीक्षण करून घ्या, हे मी आयुष्यभर सांगत आलो. तोच सल्ला आज या पेरणीसाठी देतो.

आधी कायदा काय सांगतो ते पाहा. उमेदवाराचं वय पंचवीस पूर्ण पाहिजे आणि महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी मतदारसंघाच्या यादीत त्याचं नाव पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. सरकारी नोकरी असेल तर आधी राजीनामा द्यावा लागतो. अनामत दहा हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार.

दहा हजार म्हणजे काय, एका म्हशीचीही किंमत नाही, असं पोरगं म्हणेल. पण ती अनामत परत मिळायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडावी लागतात. दोन लाख वैध मतं झाली, तर तेहतीस हजारांच्या वर. आपल्या गावाची मतं किती, भावकीची किती, पाहुण्यारावळ्यांची किती, याचा हिशेब त्याच रात्री पाटीवर मांडा. टाळ्या वाजवणारे हात आणि मत देणारी बोटं यांची बेरीज कधीच सारखी येत नाही.

अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःची, बायकोची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता लिहावी लागते. जमीन, सोनं, गाडी, बँकेचं आणि सोसायटीचं कर्ज, अंगावरच्या केसेस, सारं. ते चारचौघांना वाचायला मिळतं. घरची झाकली मूठ उघडते. लपवलं तर गुन्हा होतो.

आता मुख्य गोष्ट, खर्च. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ सालापासून चाळीस लाख रुपयांची मर्यादा आहे. ही वरची हद्द आहे, तेवढा खर्च कराच असा हुकूम नाही. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं काढावं लागतं. रोजच्या खर्चाची वही ठेवावी लागते आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. गोठ्यातल्या दुधाचा हिशेब ज्याला ठेवता येत नाही, त्यानं या भानगडीत पडू नये.

आपल्या पन्हाळा तालुक्याची गोष्ट तर आणखी वेगळी. २००४ सालापर्यंत पन्हाळा नावाचा मतदारसंघ होता. पुनर्रचनेनंतर २००९ सालापासून तालुक्याचा काही भाग शाहूवाडीत गेला, काही करवीरमध्ये. वारणाकाठच्या ऊसवाल्याचं दुखणं वेगळं आणि डोंगरकपारीत भात-नाचणी पिकवणाऱ्याचं वेगळं. उमेदवाराला दोन्ही ठाऊक पाहिजे. नुसतं बाजारात हात जोडून भागत नाही, धनगरवाड्यापर्यंत पाय झिजवावे लागतात.

वाडीतल्या शे-दोनशे मतांनी काय होतंय, असं कोणी म्हणालं तर हे आकडे सांगा. २०१४ साली शाहूवाडीत विनय कोरे ३८८ मतांनी पडले, सत्यजित पाटील निवडून आले. त्याच वर्षी करवीरमध्ये चंद्रदीप नरके ७१० मतांनी जिंकले.

पहिल्यांदा उभं राहणाऱ्याची ताजी गोष्टही करवीरचीच आहे. आमदार पी. एन. पाटील यांचं मे २०२४ मध्ये निधन झालं. नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव राहुल पाटील विधानसभेला प्रथमच उभे राहिले. वडिलांची पुण्याई होती, स्वतः जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलेलं होतं. तरीही नरके यांच्याकडून १,९७६ मतांनी हार झाली. ज्याच्यामागे एवढं होतं त्याची ही गत. मग आपल्या पोरानं नुसत्या मित्रांच्या गाड्या आणि फलक पाहून हुरळून जावं का, याचा विचार करा.

म्हणून उभं राहूच नये का? तसं मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या पोरांनी घाबरून घरी बसायचं ठरवलं, तर पाण्याचा, विजेचा, उसाच्या दराचा प्रश्न सभागृहात मांडायचा कोणी? पालघर जिल्ह्यातल्या डहाणूचे विनोद निकोले यांच्याकडे ना कारखाना, ना बंगला. पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं आदिवासी पाड्यांवर काम केलं आणि २०१९ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. आधी राबणूक, मग उमेदवारी, असा तो क्रम.

नवं वाण आलं म्हणून आपण साऱ्या रानात पेरत नाही. आधी चार गुंठ्यांत लावून बघतो. तसंच पोराला सांगा, "आधी सोसायटीला उभा राहा, ग्रामपंचायतीत ये, पंचायत समितीत पाच वर्षं काढ. लोकांची कामं कर. लोकच म्हणाले, की मग पुढचं बघू."

आणि आबा, उभं राहायचं ठरलंच, तर घरातल्या सगळ्यांना, सुनांनाही, एकत्र बसवून हद्द ठरवा. वर्षाची शिल्लक जाईल तेवढी जाऊ दे. पण जमिनीवर बोजा चढवायचा नाही, सामाईक सातबाऱ्याला हात लावायचा नाही, बाईच्या अंगावरचं सोनं मोडायचं नाही. एक गुंठा विकला जाऊन आमदारकी मिळाली, तरी तो गुंठा वसूल करायची बुद्धी होते, आणि तिथूनच माणूस बिघडतो. धाकट्या भावाचं मौन म्हणजे होकार धरू नका. त्याला बोलतं करा.

पडला तर? सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. १९७२ साली पडले. १९९५ साली तर १९२ मतांनी पडले. दोन्ही वेळा पुन्हा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. आपल्याकडे विनय कोरेही २०१९ साली पुन्हा जिंकले. हार म्हणजे एक हंगाम वाया गेला, एवढंच. पण पुढच्या हंगामाला रान आपलं राहिलं पाहिजे.

निकालाच्या रात्री पोरगा गुलालात घरी येवो की मान खाली घालून, चुलीवर भाकरी त्याच रानातल्या जोंधळ्याची असली पाहिजे. तेवढं सांभाळलंत, तर पोराला आशीर्वाद द्यायला काही हरकत नाही.